मोर्चा हरला काय?

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांना धडे मिळतात. लढाई नको म्हणून रस्त्यावर आलेल्या माणसांना फार तर एखादी ओळ मिळते. १५ फेब्रुवारी २००३ ची हकीकत अशीच आहे. इराकवर स्वारी करू नका, हे सांगण्यासाठी त्या शनिवारी जगातील शेकडो शहरांत लोक बाहेर पडले. लंडनमध्ये पोलिसांच्या मते साडेसात लाख, तर चालकांच्या मते वीस लाखांच्या घरात माणूस जमला होता. शिरगणतीचा वाद काही असो, लंडनने एवढा राजकीय मोर्चा पूर्वी पाहिला नव्हता. त्या गर्दीत मीही होतो. तेव्हा विशीत होतो आणि मामांकडे राहावयास गेलो होतो.

सभा हाइड पार्कमध्ये व्हायची होती. गवत तुडवले जाईल या सबबीवर सरकारने ती जागा प्रथम नाकारली आणि लोक चिडताच माघार घेतली. एक मोर्चा थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवरून निघाला, दुसरा गोवर स्ट्रीटवरून. दोघांचा संगम पिकॅडिली सर्कसपाशी. थंडी कडाक्याची. चालणे कसले, पंढरीच्या वाटेवर वारी तुंबावी तसे पाऊल पाऊल सरकणे! काठी टेकत आलेल्या आजीबाई होत्या, शाळकरी पोरी होत्या, मशिदीतली मंडळी होती, चर्चमधली होती. ‘माझ्या नावाने नको’ असे फलक जागोजाग दिसत. एका फलकावर पंतप्रधान ब्लेअर यांच्या डोक्यावर चहाचा कप पालथा घातलेला आणि खाली मजकूर, ‘युद्ध नको, चहा करा!’ इंग्रज माणूस रागातही चहा विसरत नाही, हे पाहून मला हसू आले.

पण इराक हे नाव आपल्याला परके नाही, हेही मनात येत होते. त्यालाच आपले आजे-पणजे मेसोपोटेमिया म्हणत. १९१४ च्या नोव्हेंबरात पुण्याचे नाव लावणारी सहावी डिव्हिजन इंग्रजांनी तेथे उतरवली. तीत मराठा पलटणी होत्या. कुट गावात तिला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. पुष्कळ परतलीच नाहीत. सातारा भागातील गावोगावी ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले’ अशा शिळा बसवलेल्या दिसतात. त्या लोकांना कोणी विचारले नव्हते. लंडनचे लोक निदान ‘आम्हाला विचारा’ असे म्हणत होते.

त्यांचे ऐकले गेले नाही. १८ मार्चला कॉमन्स सभेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती दिली आणि २० मार्चला बगदादवर बाँब पडू लागले. ज्या संहारक अस्त्रांसाठी हे सारे झाले, त्यांचे साठे सापडले नाहीत. ब्रिटनचे १७९ सैनिक गेले; इराकी माणसे लाखावर मेली.

हा भाग मी मुलांना सांगतो, तेव्हा एखादा हमखास विचारतो, “मग गुरुजी, एवढे चालून उपयोग काय झाला?” प्रश्न रास्त आहे. मी त्याला दोन तारखा सांगतो. २९ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियावर हल्ल्याचा प्रश्न त्याच सभागृहापुढे आला, तेव्हा २८५ विरुद्ध २७२ मतांनी तो फेटाळला गेला. इराकमुळे लोकांचा विश्वास उडाला आहे, हे पंतप्रधान कॅमेरन यांनी त्या चर्चेत स्वतःच मान्य केले. आणि ६ जुलै २०१६ रोजी चिलकॉट चौकशीचे बारा खंड प्रसिद्ध झाले. शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध पुकारले गेले, असा त्यांचा निष्कर्ष. थंडीत कुडकुडत चालणारी आजीबाई तेरा वर्षे आधी हेच सांगत होती. मेलेली माणसे तेवढ्याने परत येत नाहीत, हेही मी मुलांना सांगतो. पण पुढच्या वेळी हात वर करण्यापूर्वी सभासदांना तिची आठवण झाली, एवढे श्रेय त्या मोर्चाला दिले पाहिजे.