भाग ४२ : सगळ्यांना सांगितलं, बायकोला सोडून

आजचा विषय जरा घरातला आहे. इअरफोन लावून ऐकणार असाल तर ठीकच, पण ऐकून झाल्यावर एक इअरफोन शेजारच्या माणसाला द्या.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. माझं वय ५२. गेलं वर्षभर रात्री जेवण झालं की मला सोफ्यावरच झोप लागायची. लहानसहान गोष्टींवरून चिडचिड व्हायची. आणि बायकोच्या जवळ जाणं मी टाळत होतो. मला वाटायचं, तिच्या लक्षात आलं नसेल. एके रात्री ती म्हणाली, "अरे, माझं काही चुकलंय का?" म्हणजे गप्प मी होतो आणि दोष ती स्वतःला देत होती. तेव्हा प्रश्न पडला, की पुरुष हे सगळं आजवर बोलत तरी कुणाशी आले?

आधी आपली भाषा बघा. बाईसाठी 'रजोनिवृत्ती' असा नीट शब्द आहे. पुरुषासाठी काय? 'म्हातारचळ' आणि 'साठी बुद्धी नाठी'. दोन्ही टिंगलीचे. 'पुरुषांचा मेनोपॉज' म्हणतात, पण तेही बरोबर नाही. बाईचं इस्ट्रोजेन काही वर्षांत एकदम खाली येतं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन चाळिशीच्या आसपासपासून साधारण वर्षाला एक टक्का, असं हळूहळू उतरतं. त्यामुळे अमुक दिवशी सुरू झालं, असं बोट ठेवता येत नाही.

आता चला पॅरिसला. १ जून १८८९. शार्ल ब्राउन-सेकार, वय ७२, त्या काळचे मोठे शरीरशास्त्रज्ञ. विद्वानांच्या सभेत उभं राहून ते सांगतात, की कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आणि मला तरुण झाल्यासारखं वाटतंय. जिने भराभर चढतोय, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभा राहतोय. लघवीची धार किती लांब जाते, तेसुद्धा त्यांनी मोजून सांगितलं! आज आपल्याला माहीत आहे, की पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. फरक मनाचा होता. पण तोवर असे अर्क विकणाऱ्यांचं फावलं होतं.

मग व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाख आले. वीर्यवाहिनी बांधली की तारुण्य परत येतं, असं त्यांचं म्हणणं. १९२३ मध्ये खुद्द फ्रॉइडनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. जगाला मनातलं बोलायला शिकवणारा माणूस! १९३५ मध्ये अॅमस्टरडॅमला बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं, त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झालं, आणि बाजार उघडला.

या गडबडीत १९४४ मध्ये अमेरिकेत हेलर आणि मायर्स या दोन डॉक्टरांनी एक शहाणपणाचं काम केलं. अशा तक्रारी असलेल्या पुरुषांची त्यांनी लघवीतल्या हार्मोनवरून विभागणी केली. ज्यांच्यात खरोखर कमतरता होती, त्यांना टेस्टोस्टेरॉनने गुण आला. ज्यांचं दुखणं मनाचं होतं, त्यांना नाही आला. म्हणजे थकलेला प्रत्येक पुरुष हार्मोनचा पेशंट नसतो, हे तेव्हाच कळलं होतं.

आणि आपल्याकडे? मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. जे घरात विचारता येत नाही, ते लोक त्यांना पत्राने विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुद्दा साधा होता : लोकांना प्रश्न पडतात, मग त्यांना उत्तर देणं हा गुन्हा कसा? कोर्टाने ऐकलं नाही. २०० रुपये दंड झाला. मला मात्र ती पत्रं लिहिणारी माणसं आठवत राहतात. अनोळखी संपादकाला पोस्टाने विचारणं त्यांना सोपं वाटत होतं.

आता शेवटची गंमत. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पुरुषांसाठी १० प्रश्नांची एक यादी केली. इच्छा कमी झाली का? उदास किंवा चिडचिडे असता का? जेवणानंतर झोप लागते का? जगण्यातली मजा कमी झाली का? मंडळी, यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं बायको जास्त खरी देईल!

पण यादी म्हणजे निदान नव्हे. २०१० मध्ये युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्षणं आणि कमी टेस्टोस्टेरॉन यांचा खरा मेळ बसला तो फक्त २.१ टक्के पुरुषांत. बाकीच्यांच्या थकव्यामागे वजन, मधुमेह, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप असं काहीही असू शकतं. म्हणून सकाळची रक्ततपासणी, तीही दोनदा, आणि मगच औषध. जाहिरात बघून इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू कमी होतात, हे विकणारा सांगत नाही.

माझं काय झालं? त्या रात्री मी एवढंच म्हणालो, "तुझं काही नाही चुकलं. माझ्या शरीरात काहीतरी बदलतंय आणि मला त्याची लाज वाटतेय." तेवढं वाक्य बाहेर यायला वर्ष लागलं. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घोरता का?" मी म्हणालो, "नाही." ही म्हणाली, "डॉक्टर, भिंती हलतात! आणि मध्येच श्वास थांबतो, मी घाबरून उठवते."

टेस्टोस्टेरॉन ठीक निघालं. झोपेत श्वास अडकत होता. त्यावर उपचार सुरू आहेत.

ब्राउन-सेकारांनी सभेला सांगितलं, वाचकांनी कर्व्यांना लिहिलं. माझ्या दुखण्याचा खरा साक्षीदार मात्र माझ्याच पलंगावर, शेजारी झोपत होता. तुम्ही वर्षभर थांबू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.