स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर

स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अर्थात वर्णपट विश्लेषक हे विद्युत संकेतातील शक्ती कोणत्या वारंवारतेवर किती आहे, हे दाखविणारे मापन-उपकरण होय. ‘वर्णपट’ या शब्दाचा येथे रंगांशी संबंध नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरील आडवा अक्ष काळाचा असतो. येथे तो वारंवारतेचा असतो. उभ्या अक्षावरील पातळी बहुधा डीबीएममध्ये वाचतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट.

पडद्याच्या मध्यावरील वारंवारतेस केंद्र वारंवारता आणि दोन्ही कडांमधील पल्ल्यास स्पॅन म्हणतात. भारतातील ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा एफएम पट्टा पाहण्यासाठी केंद्र ९८ व स्पॅन २० मेगाहर्ट्‌झ ठेवतात.

नवशिक्यांना सर्वाधिक चकवा देणारी संज्ञा म्हणजे रिझोल्यूशन बँडविड्थ, अर्थात उपकरणातील गाळणीची रुंदी. गाळणी रुंद असेल तर शेजारचे दोन संकेत एकाच उंचवट्यात मिसळून जातात. ती १० पट अरुंद केली की नॉइजची पातळी १० डेसिबलने खाली येते आणि तोवर झाकलेला क्षीण संकेत दिसू लागतो. मात्र तेवढ्याच स्पॅनच्या एका फेरीस, म्हणजे स्वीपला, पारंपरिक उपकरणात सुमारे १०० पट वेळ लागतो. म्हणूनच बँडविड्थ न सांगता नोंदविलेली नॉइजची पातळी निरर्थक ठरते.

प्रबळ संकेतामुळे आतील मिक्सरवर अतिभार आल्यास मुळात नसलेले संकेतही पडद्यावर उमटतात. अशा वेळी उपकरणातील अ‍ॅटेन्युएटर १० डेसिबलने वाढवून पाहतात. खऱ्या संकेताची दर्शविलेली पातळी तेवढीच राहते, आभासी संकेताची घटते.