क्रेझी

अमेरिकन गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२–६३) यांची डेका कंपनीने १९६१ मध्ये प्रकाशित केलेली, कंट्री संगीतातील अभिजात ध्वनिमुद्रिका. गीत व चाल विली नेल्सन यांची, निर्मिती ओवेन ब्रॅडली यांची. ऑगस्टमध्ये नॅशव्हिल येथे ब्रॅडलींच्या स्टुडिओत वाद्यसाथ मुद्रित झाली. परंतु जूनमधील मोटार अपघातात बरगड्यांना इजा झाल्याने क्लाइन यांना वरचे स्वर पेलवेनात. काही आठवड्यांनी परतून त्यांनी तयार साथीवर गायन मुद्रित केले. साथ व गायन वेगवेगळे मुद्रित करण्याची सोय नसती, तर ही सवड मिळाली नसती. म्हणून मुद्रिकेच्या यशात गळ्याबरोबर ध्वनिमुद्रणतंत्राचाही वाटा मानावा लागतो.

फ्लॉइड क्रेमर यांचा पियानो आणि ‘जॉर्डनेअर्स’चे सौम्य वृंदगान अशा ‘नॅशव्हिल साउंड’ शैलीने कंट्रीचा अस्सल गावरान बाज पुसला, असा आक्षेप घेतला जातो. तो येथे टिकत नाही. ‘बिलबोर्ड’च्या पॉप यादीत ९ व्या स्थानी पोचलेले हे गीत कंट्री यादीत २ ऱ्या स्थानी होते; म्हणजे नवा श्रोता मिळताना जुना दुरावला नाही. शिवाय तालामागे किंचित रेंगाळणारे क्लाइन यांचे शब्दोच्चार आणि त्यांतली आर्तता साथ संयत असल्यामुळेच ठसठशीतपणे ऐकू येतात.