डे-लिली, झेंडू आणि माळ्याचे नाव : मराठी उद्यानकला व परदेशगमन यांचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

आपल्या अंगणातील अनेक फुलझाडे परदेशातून आली आहेत. त्यांचा प्रवास ग्रंथांतून काही प्रमाणात नोंदला गेला; परंतु ती झाडे रुजविणाऱ्या आणि निवड करून वाढविणाऱ्या माणसांची नावे क्वचितच टिकली. परदेशी जाऊन वनस्पतींवर काम करणाऱ्या मराठी माणसांच्या बाबतीतही असेच घडले. प्रस्तुत लेखात डे-लिली, झेंडू, बडोदे संस्थानातील उद्याने आणि डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या उदाहरणांवरून या विस्मृतीची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : डे-लिली, झेंडू, माळी, बडोदे संस्थान, खानखोजे, शेतकऱ्यांचे वाण.

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर परिसर किनवटच्या वनप्रदेशात आणि पैनगंगेच्या खोऱ्यात येतो. तेलंगणाच्या सीमेलगतच्या या भागातील तेलुगू भाषक कुटुंबांत नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा मांडली जाते. तिच्या थरांत तरवड आणि कुरडू ही माळरानावरची फुले असतात व त्यांच्या शेजारीच झेंडूही असतो. पहिली दोन फुले या मातीत आपोआप उगवणारी आहेत. झेंडू मात्र मूळचा मेक्सिकोचा. दसऱ्याच्या तोरणात तो इतका सामावून गेला आहे, की तो परका आहे हे सांगितले तरी कोणाला पटू नये.

अलीकडे हौशी बागकाम करणाऱ्यांच्या कुंड्यांत डे-लिली हे फूलही दिसू लागले आहे. आपल्या फुलबाजारात ‘लिली’ या नावाने पांढऱ्या कळ्यांच्या ज्या जुड्या मिळतात, त्यांच्याशी तिचा संबंध नाही. डे-लिलीचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस असून ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. तिचे प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. मात्र या एकदिवसीय फुलाच्या जातींची जेवढी काटेकोर नोंद ठेवली जाते, तेवढी आपल्या घराघरांतील झेंडूची कधीच ठेवली गेली नाही. हा विरोधाभास का निर्माण झाला, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. परदेशातून आलेल्या फुलझाडांच्या इतिहासात स्थानिक जाणकारांचे स्थान तपासणे.
२. उद्यानविद्या व कृषिविद्येसाठी झालेल्या मराठी परदेशगमनाचा आढावा घेणे.
३. वाणांच्या नोंदणीचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करणे.

नावे कोठे उरली ?

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे अमेरिका खंडातील अनेक वनस्पती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. मिरची, काजू, अननस, सीताफळ यांनी आपला आहार बदलला. झेंडू, निशिगंध आणि देवळांच्या आवारातील पांढरा चाफा यांनी पूजेचे ताट बदलले. याच काळात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधी वनस्पतींवर संवादरूप ग्रंथ लिहिला व तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. या ग्रंथात वनस्पती आणून दाखविणारी आंतोनिया नावाची एक दासी येते. ग्रंथकर्त्याचे नाव जगभर गेले. आंतोनिया मात्र केवळ हाकेपुरती उरली.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यासाठी माहिती देणारे मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोकणी वैद्य यांची निवेदने पहिल्या खंडात त्यांच्या नावांनिशी छापली गेली. कोकणी वैद्यांचे निवेदन नागरी लिपीत आहे. माहिती देणाऱ्याचे नाव नोंदविणे त्या काळातही अशक्य नव्हते. ते नोंदवावे की नाही हा इच्छेचा प्रश्न होता, असे यावरून म्हणता येते.

मराठवाड्यातील उदाहरणही बोलके आहे. औरंगाबादच्या (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा या सतराव्या शतकातील वास्तूच्या प्रवेशद्वारावरील लेखात अताउल्ला हा रचनाकार आणि हंसपतराय हा अभियंता यांची नावे आहेत. या वास्तूभोवती चार भागांत विभागलेली चारबाग आहे. बागेवाचून त्या वास्तूचे सौंदर्य अपुरे ठरते; परंतु त्या लेखात माळ्याला स्थान मिळालेले नाही. दगडाचे काम एकदा होते व टिकते. बागेचे काम रोज करावे लागते आणि रोज पुसले जाते. रोजच्या श्रमाला लेख लाभत नाही, हे आपल्या इतिहासलेखनाचे जुने वैगुण्य आहे.

फुले घराणे आणि बडोदे

माळीकामाचा ठसा नावावर उमटल्याचे आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आहे. साताऱ्याजवळच्या कटगुणचे गोऱ्हे घराणे पुण्यात आले आणि पेशवे दरबाराला फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ‘फुले’ झाले. या सेवेबद्दल त्यांना जमीन इनाम मिळाली. येथे व्यवसायाचे आडनाव झाले; पण या घराण्याने कोणती फुले कशी जोपासली, याविषयी इतिहासाची पाने जवळजवळ कोरीच आहेत.

जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी तो आपल्याकडून वाचवून लक्षपूर्वक ऐकल्याची कृतज्ञ नोंद त्यांनी ग्रंथाच्या आरंभी केली आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक गेलेल्या सयाजीरावांच्या राज्यात शेती आणि उद्याने यांकडे विशेष लक्ष दिले गेले. बडोद्याची कमाटी बाग १८७९ मधील. १८८७ पासून महाराजांनी अनेकदा परदेश प्रवास केले आणि तेथील संस्थांचा अभ्यास केला. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या उद्यानासाठी विल्यम गोल्डरिंग यांची योजना झाली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुंबिगल १८९३ मध्ये बडोद्याच्या सेवेत आले. पुढे म्हैसूर संस्थानात जाऊन त्यांनी बंगळूरच्या लालबागेला आकार दिला.

उलट दिशेचा प्रवासही घडला. खासेराव जाधव यांना संस्थानाने शेतकीच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमधील सिरेन्सेस्टर येथे पाठविले; परत आल्यावर ते संस्थानात सुभे झाले. उद्यान सजविण्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणि परदेशी शिकून आलेला स्वकीय मात्र महसुली कारभारात, अशी ही विभागणी दिसते. माळ्याची विद्या ही शिकण्याची व नावारूपाला येण्याची विद्या आहे, ही जाणीव उदार संस्थानातही पुरती रुजली नव्हती, असे म्हणावयास जागा आहे.

झेंडूच्या मूळ देशी गेलेला मराठी माणूस

वर्धा येथे जन्मलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्यासाठी लष्करी शिक्षण घ्यावे या हेतूने ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. जपानमार्गे अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी शिक्षणसंस्थांत शिक्षण घेतले. १९१३ च्या गदर चळवळीच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढून, पुढे बर्लिन व मॉस्को येथे काही काळ काढून ते १९२४ मध्ये मेक्सिकोत आले.

तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि मका व त्याचे रानटी भावंड तेओसिंते यांच्या संकरावर संशोधन केले. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या विख्यात छायाचित्रकर्तीने घेतली. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा यांनी रंगविलेल्या ‘आमची रोजची भाकर’ या चित्रात भाकर वाटणारी व्यक्ती खानखोजे यांच्यावरून रेखाटली आहे, असे मानले जाते.

झेंडू ज्या देशातून अनामिकपणे आपल्याकडे आला, त्याच देशात एक मराठी वनस्पतिवैज्ञानिक गेला आणि तेथील भिंतीवर कोरला गेला. मायदेशी मात्र त्यांना उशिरा ओळख मिळाली. ते १९४९ मध्ये मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून आले, पुढे नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तेथेच निवर्तले. वीणा गवाणकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. परंतु त्याच लेखिकेच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अमेरिकेतील कार्व्हर मराठी घरांत जितके परिचित झाले, तितके वर्ध्याचे खानखोजे झाले नाहीत.

डे-लिलीची नोंदवही

डे-लिली मूळची पूर्व आशियाची. चीनमध्ये तिच्या कळ्या खाण्यात व औषधात वापरल्या जात. सोळाव्या शतकात ती युरोपात पोहोचली आणि १७५३ मध्ये लिनियसने तिला आजचे शास्त्रीय नाव दिले. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातील आर्लो स्टाउट यांनी तिच्यावर पद्धतशीर संकर-प्रयोग करून १९३४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४६ मध्ये अमेरिकेत या फुलाची संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक नव्या जातीचे नाव, ती तयार करणारी व्यक्ती, जनक जाती, दांड्याची उंची, फुलाचा आकार आणि बहराचा काळ लिहिला जातो. परसबागेत हौसेने संकर करणारा सामान्य माणूसही त्यामुळे इतिहासात उरतो.

आपल्याकडे हे झाड लावणे अवघड नाही. काळ्या जमिनीत पाणी साचून गड्डे कुजू नयेत म्हणून वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, उन्हाळ्यात दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा निवडावी आणि दाटी झालेला गड्डा पावसाळ्याच्या आरंभी विभागून लावावा. एका दांड्यावर अनेक कळ्या असल्याने एकेक दिवसाची फुले मिळूनही बहर बरेच दिवस चालतो. अशी लागवड करताना कोणता गड्डा कोणाकडून व कधी आला, हे वहीत टिपून ठेवण्याची सवयही या फुलाबरोबर यावयास हवी.

या सवयीचे मोल केवळ भावनिक नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवड पद्धतीने भाताचे प्रसिद्ध ‘एचएमटी’ वाण विकसित केले. त्या वाणाला तत्कालीन लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव मिळाले. भात दूरवर पोहोचला, पण तो पिकविणाऱ्यांपैकी किती जणांना दादाजींचे नाव ठाऊक होते? २०१८ मध्ये त्यांचे आर्थिक विपन्नावस्थेत निधन झाले. भारतात २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावे नोंदविण्याचा अधिकार दिला आहे. मात्र अधिकार वापरण्यासाठी पुरावा लागतो आणि पुरावा नोंदीतून उभा राहतो.

निष्कर्ष

१. फुलझाडांचा प्रवास नोंदला गेला, पण ती जोपासणाऱ्यांची नावे लेखनसत्ता ज्यांच्या हाती होती त्यांच्या इच्छेवर अवलंबून राहिली.
२. मराठी परदेशगमनाच्या इतिहासात बॅरिस्टर, डॉक्टर व अभियंते यांना स्थान मिळाले. शेती व बाग शिकण्यासाठी गेलेल्यांची दखल तुलनेने अल्प घेतली गेली.
३. डे-लिलीच्या नोंदवहीसारखी साधी पद्धत सामान्य माणसाच्या श्रमाला इतिहासात जागा देऊ शकते.
४. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन परिसरातील वृद्ध माळी, फुलविक्रेत्या स्त्रिया आणि शेतकरी यांच्या मुलाखती नावानिशी नोंदवाव्यात. झेंडूचे बी घरात कोणी धरून ठेवले, ते कोणत्या गावाहून आले, कोणता रंग का राखला, हे सांगणारी पिढी आज हयात आहे. किनवट-इस्लापूर परिसरात हे काम याच दसऱ्यापासून सुरू होऊ शकते.