व्हर्च्युअल मशीनची स्क्रीन काळी? सिरियल कन्सोल थेट टर्मिनलमध्ये कसा आणायचा

व्हर्च्युअल मशीन चालू केलं, पण एसएसएच लागत नाही आणि स्क्रीनवर नुसता काळोख, असं कधीतरी होतंच. आत तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो आणि तो उद्या दाखवायचा असतो. अशा वेळी बरेच जण मशीन डिलीट करून नवीन बनवतात. थांबा. मशीन बहुतेक वेळा काय बिघडलंय ते सांगत असतं, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही. ते ऐकण्याचा सगळ्यात भरवशाचा रस्ता म्हणजे सिरियल कन्सोल.

या लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

सिरियल कन्सोल म्हणजे काय?

जुन्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूला कॉम पोर्ट असायचा. त्यातून एका वेळी एक बिट अशी अक्षरं बाहेर जायची. ना ग्राफिक्स कार्ड लागायचं, ना नेटवर्क. लिनक्समध्ये टर्मिनलला टीटीवाय म्हणतात, ते नावसुद्धा टेलिटाइपरायटर या टाइप करणाऱ्या यंत्रावरून आलं आहे.

व्हर्च्युअल मशीनला असाच एक खोटा कॉम पोर्ट असतो. आतल्या लिनक्सला तो खराच वाटतो आणि पहिल्या पोर्टला ते टीटीवायएस० असं नाव देतं. यातला एस कॅपिटल लिहायचा आणि शेवटी शून्य. ओ नाही! एआरएम प्रकारच्या मशीनवर हेच नाव बहुतेक टीटीवायएएमए० असं असतं.

एसएसएच चालण्यासाठी कर्नल, डिस्क, नेटवर्क आणि एसएसएच सर्व्हर असं सगळं नीट उठावं लागतं. सिरियलला यातलं जवळपास काहीच लागत नाही. म्हणून बाकी सगळं बंद पडलं तरी हा दरवाजा उघडा राहतो.

आधी हे समजून घ्या: आत तिघं बोलतात

मशीन सुरू होताना तीन जण पाळीपाळीने बोलतात.

१. बूटलोडर, म्हणजे ग्रब. कोणता कर्नल सुरू करायचा ते हा विचारतो.
२. कर्नल. हार्डवेअर आणि डिस्क सापडली की नाही ते हा सांगतो.
३. लॉगिन विचारणारा गेटी. युजरनेम आणि पासवर्ड हा मागतो.

तिघांनाही 'सिरियलवर बोल' असं वेगवेगळं सांगावं लागतं. एकाला सांगितलं आणि दोघांना विसरलात, तर मधेच शांतता होते. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि दोष बाहेरच्या सॉफ्टवेअरला देतात.

भाग १: बाहेरच्या बाजूने जोडणी

क्यूईमू वापरत असाल तर सगळ्यात सोपं. कमांडमध्ये एक पर्याय वाढवा:

-नोग्राफिक

यामुळे वेगळी विंडो उघडत नाही. सिरियल पोर्ट थेट तुमच्या टर्मिनललाच जोडला जातो. बाहेर पडायला कंट्रोल आणि ए दाबा, सोडा, मग एक्स दाबा. मात्र हे मशीनच बंद करतं, नुसतं खिडकीतून बाहेर आणत नाही. कंट्रोल-ए नंतर सी दाबलं तर क्यूईमूचा स्वतःचा मॉनिटर येतो. परत यायला पुन्हा तेच.

व्हर्ट-मॅनेजर किंवा लिबव्हर्ट वापरत असाल तर:

व्हर्श कन्सोल मशीनचं-नाव

मशीन सापडत नाही असं आलं तर पुढे सुडो लावून बघा. जोडणी झाल्यावर स्क्रीन रिकामी दिसेल. घाबरू नका, एकदा एंटर दाबा. लॉगिनची ओळ आधीच छापून गेलेली असते, एंटरने ती पुन्हा येते. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस. इथे मशीन चालूच राहतं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीन बंद करून सेटिंग्जमधल्या सिरियल पोर्ट्सवर जा, पोर्ट १ चालू करा आणि कॉम१ निवडा. नुसतं वाचायचं असेल तर मोड 'रॉ फाइल' ठेवा, फाइलचं नाव द्या आणि टर्मिनलमध्ये टेल -एफ लावून ती फाइल बघत बसा. टाइपही करायचं असेल तर मोड 'टीसीपी' करा, एक पोर्ट नंबर द्या आणि टर्मिनलमधून लोकलहोस्टच्या त्या पोर्टला टेलनेट किंवा नेटकॅटने जोडा.

भाग २: आतल्या बाजूने तयारी

हे उबंटू आणि डेबियनसाठी आहे. मशीन नीट चालू असतानाच करून ठेवा, बिघडल्यावर नाही. ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल आहे. ती सुडोने उघडा आणि या ओळी ठेवा:

ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स="कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८"
ग्रब_टर्मिनल="कन्सोल सिरियल"
ग्रब_सिरियल_कमांड="सिरियल --युनिट=० --स्पीड=११५२००"

पहिली ओळ कर्नलसाठी, उरलेल्या दोन बूटलोडरसाठी. चिन्हाआधीची नावं सगळी कॅपिटलमध्ये लिहायची. ग्रबचा मेनू लपलेला असेल तर टाइमआउट ५ सेकंद करा आणि टाइमआउट स्टाइल 'मेनू' ठेवा. मग सुडो अपडेट-ग्रब चालवा आणि रीबूट करा.

पहिल्या ओळीतला क्रम महत्त्वाचा आहे. कर्नलचे संदेश दोन्ही ठिकाणी जातात, पण जो कन्सोल शेवटी लिहिला तोच मुख्य होतो. सिस्टमडीच्या हिरव्या 'ओके' ओळी तिथेच येतात. म्हणून सिरियल शेवटी.

आणि तिसरा, गेटी? सिस्टमडी असलेल्या सिस्टीमवर कर्नलचा मुख्य कन्सोल सिरियल असेल तर लॉगिन आपोआप सुरू होतं. रीबूट न करता फक्त लॉगिन हवं असेल तर:

सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ सिरियल-गेटी@टीटीवायएस०

क्लाउडसाठी बनवलेल्या तयार इमेजमध्ये यातलं बरंचसं आधीच केलेलं असतं.

कुठे शांतता झाली? त्यावरून ओळखा

एंटर दाबूनही काहीच नाही: मशीनला सिरियल पोर्टच जोडलेला नाही, किंवा आतल्या तिघांपैकी कोणालाच सांगितलेलं नाही.

ग्रब दिसला, मग गप्प: कर्नलची ओळ राहिली, किंवा टीटीवायएसमध्ये शून्याच्या जागी ओ पडला.

कर्नल भरभरून बोलला, पण लॉगिन नाही: गेटी चालू नाही, किंवा बूटच मधे अडकलंय. शेवटच्या दहा ओळी नीट वाचा.

व्हर्श म्हणतं की कन्सोल आधीच कोणीतरी उघडलाय: दुसऱ्या टॅबमध्ये तुमचाच जुना कन्सोल चालू असेल. तो बंद करा.

वेडीवाकडी अक्षरं: वेग जुळत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे क्वचित होतं. रास्पबेरी पायसारख्या खऱ्या बोर्डला वायर जोडली तर हमखास दिसतं.

ओळी एकमेकींवर चढतात: सिरियल वायरीतून विंडोचा आकार कळत नाही, आतलं लिनक्स ८० बाय २४ धरून चालतं. एसटीटीवाय रोज ४० कॉल्स १०० असं लिहून खरा आकार सांगा. आकडे तुमच्या स्क्रीनप्रमाणे बदला.

याचा खरा उपयोग कधी?

समजा तुम्ही मशीनला नवीन डिस्क जोडली आणि एफएसटॅब फाइलमध्ये तिच्या यूयूआयडीचं एक अक्षर चुकलं. रीबूट केल्यावर सिस्टमडी त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातं. बाहेरून पाहिलं तर पिंग नाही, एसएसएच नाही. सिरियलवर मात्र कोणत्या डिस्कची वाट बघतोय ते स्वच्छ लिहून येतं. डेटा जागेवरच आहे, चूक फक्त एका अक्षराची आहे.

डेबियनमध्ये रूटचं खातं कुलूपबंद असेल, तर इमर्जन्सी मोडमध्ये पासवर्ड देऊनही आत जाता येत नाही. इथे ग्रब सिरियलवर असण्याचा फायदा होतो. मेनूवर ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. थेट रूटचा शेल मिळेल. तिथे माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / चालवा, एफएसटॅब दुरुस्त करा, सिंक म्हणा आणि बाहेरून मशीन रीसेट करा. पुढच्या वेळी असा त्रास नको असेल तर जास्तीच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्याय लिहा.

म्हणूनच मी नवीन मशीन बनवलं की ब्राउझर, एडिटर वगैरे टाकण्याआधी सिरियल चालू करतो आणि एकदा लॉगिन करून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

फोनवर करून बघता येईल का?

हो! अँड्रॉइडवरच्या टर्मक्स ॲपमध्ये क्यूईमूचं हेडलेस पॅकेज मिळतं. हेडलेस म्हणजे त्याला विंडोच नाही, त्यामुळे सिरियल कन्सोल शिकायला ही जागा उत्तम. अल्पाइन लिनक्सची 'व्हर्ट' आयएसओ उतरवा. तिच्यात सिरियल आधीच चालू असतो. मग:

क्यूईमू-सिस्टम-एक्स८६_६४ -एम ५१२ -नोग्राफिक -सीडीरॉम अल्पाइन.आयएसओ

सगळं प्रोसेसरची नक्कल करून चालतं, त्यामुळे वेळ लागेल. फोन चार्जिंगला लावून चहा घेऊन या. लॉगिन आलं की रूट लिहा, पासवर्ड नाही. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, म्हणजे बाहेर पडायला ते दाबून ए, मग नुसतं एक्स.

सुरक्षेबद्दल

आता तुम्हीच बघितलंत, ग्रब हातात आला की पासवर्डशिवाय रूट मिळतो. म्हणजे ज्याच्या हातात सिरियल, त्याच्या हातात मशीन. टीसीपी मोड वापरत असाल तर तो पोर्ट हॉस्टेलच्या वायफायवर उघडा ठेवू नका, कारण तिथे पासवर्डही विचारला जात नाही. गूगल क्लाउड आणि ॲमेझॉनच्या ईसी२ मध्येही टाइप करता येणारा सिरियल कन्सोल आहे आणि तो दोन्हीकडे सुरुवातीला बंदच असतो. गरज असेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद करा.