ओबरआमरगाउचा नवस

ज्युबिलीचें वर्ष उगवलें म्हणजे धर्मग्रामांतील लहानथोर सर्वांस कांहींतरी करून दाखविण्याची हौस होते. कोणी मिरवणुकीची तयारी करितो, कोणी गायनमंडळांत नांव घालतो, कोणी पूर्वजांच्या काळचा देखावा उभारण्यासाठीं आजीच्या पेटींतील जुनें लुगडें बाहेर काढितो. ही हौस चांगलीच आहे. परंतु गतकाळाचा वेष अंगावर चढविणें निराळें आणि गतकाळाची जबाबदारी अंगावर घेणें निराळें. हें अंतर एका परदेशीय खेड्यानें जवळजवळ चारशें वर्षांच्या अनुभवानें, बऱ्याच ठेंचा खाऊन, ओळखिलें. त्या खेड्याची हकीकत प्रस्तुत प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

जर्मनीच्या दक्षिणेस बव्हेरिया प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं, ओबरआमरगाउ नांवाचें गांव आहे. वस्ती पांच हजारांच्या आसपास, परंपरा कॅथॉलिक, लांकडावरील कोरीव कामाबद्दल कीर्ति मोठी. इ. स. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धांत तो सर्व मुलूख होरपळून निघाला. फौजांच्या पाठोपाठ प्लेग आला. गांवानें वेशीवर पहारे बसविले. परंतु परंपरा अशी सांगते कीं, जवळच्या एशनलोहे गांवीं मोलमजुरीस राहिलेला कास्पार शिस्लर नांवाचा तेथील एक गृहस्थ, देवळाच्या सणास आपण बायकामुलांत असावें या ओढीनें, पहारा चुकवून घरीं आला. आणि त्याच्याबरोबर रोगही आला. शिस्लर थोड्याच दिवसांत मेला, आणि मागाहून गांवांत ८४ माणसें दगावलीं, असें जुन्या बखरींत नमूद आहे. सणास घरीं येण्याची ओढ कोणास नसते? त्या बिचाऱ्याचा अपराध तो एवढाच!

इ. स. १६३३ मध्यें गांवच्या पंचांनीं देवासमोर नवस केला कीं, हें संकट टळल्यास आम्ही दर दहा वर्षांनीं प्रभु येशूच्या दुःखसहनाचें नाटक करूं. त्यानंतर गांवांत कोणीही प्लेगनें मेलें नाहीं, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. पुढल्याच वर्षीं, १६३४ च्या पेंटेकॉस्टच्या सणास, पहिला प्रयोग झाला. रंगमंच उभारला तो देवळाशेजारच्या कबरस्तानांत. ज्यांनीं नवस केला त्यांच्या पायांखालीं त्यांचींच माणसें निजलीं होतीं. यापरतें गंभीर व्यासपीठ कोणत्या नाटकास मिळालें असेल?

आपणांस ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. या नवसाच्या अवघीं सतरा वर्षें आधीं, १६१६ सालीं, फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण गोमंतकांत छापून निघालें होतें. म्हणजे प्रभूचें चरित्र आपल्या लोकांच्या वाणींत आणि आपल्या लोकांच्या छंदांत आणण्याची खटपट इकडेही त्याच सुमारास चालली होती. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां वांद्र्यास व इतर गांवठाणांत लोकांनीं क्रूस उभारून देवाची करुणा भाकिली. त्यांपैकीं कित्येक क्रूस आजही उभे आहेत. संकटांत केलेला शब्द दगडांत राखावा कीं नाटकांत, एवढाच काय तो फरक.

ओबरआमरगाउनें आपला शब्द कसा राखिला तें पाहण्याजोगें आहे. इ. स. १६८० पासून शून्यानें संपणाऱ्या वर्षीं नाटक करण्याचा प्रघात पडला. जो त्या गांवीं जन्मला, किंवा ज्यानें तेथें वीस वर्षें वास्तव्य केलें, त्यासच भूमिका करण्याचा अधिकार. गांवच्या मुलांस मात्र सूट आहे. पैशासाठीं बाहेरचा नट आणावयाचा नाहीं. आदल्या वर्षींच्या राखेच्या बुधवारापासून पुरुषांनीं केस व दाढी वाढवावयाची. रोमन शिपायांचें काम करणारे तेवढे मोकळे. मग सुतार असो कीं शिक्षक, जो तो जटाधारी होऊन आपल्या कामावर जातो. नाटक सुमारें पांच तास चालतें, आणि मधूनमधून जुन्या करारांतील प्रसंगांचे निश्चल देखावे दाखविले जातात. गायक, वादक, पडद्यामागचे मदतनीस धरून सुमारें दोन हजार माणसें, म्हणजे गांवाचा मोठा भाग, त्यांत गुंतलेला असतो.

या मार्गांत विघ्नें कांहीं थोडीं आलीं नाहींत. इ. स. १७७० सालीं राजाज्ञेनें नाटकास बंदी झाली. १८७० सालीं फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यामुळें प्रयोग अर्ध्यावर थांबले, ते १८७१ सालीं पुरे झाले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० चे प्रयोग १९२२ सालीं करावे लागले. १९४० सालीं तर ते मुळींच झाले नाहींत. बाहेरील विघ्नें अशीं निभावलीं. परंतु एक विघ्न घरांतच होतें, आणि तें दिसावयास फार काळ लागला.

नाटकाच्या संहितेंत प्रभूच्या मरणाचा सारा दोष यहुदी लोकांच्या माथीं मारलेला होता. पुरोहितांच्या डोक्यावर शिंगांसारख्या टोप्या असत. जमाव रक्ताची शपथ वाही. प्रभु स्वतः, त्याची माता व त्याचे शिष्य यहुदी होते, याचा जणूं प्रेक्षकांस विसर पडावा अशीच मांडणी होती. १९३४ सालीं पहिल्या प्रयोगास तीनशें वर्षें झाल्याबद्दल विशेष प्रयोग झाले. त्या वेळीं हिटलर प्रेक्षकांत येऊन बसला, आणि या नाटकांतील यहुद्यांचें चित्र त्यास फार पसंत पडलें. भूमिका करणाऱ्यांपैकीं कित्येक जण त्याच्या पक्षाचे सभासद होते. पुढील अकरा वर्षांत यूरोपांतील यहुद्यांचा जो संहार झाला, तो जगास ठाऊक आहे. एका खेड्याच्या नाटकानें तो घडविला असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण द्वेषाच्या त्या आगींत आपलीही काडी पडली होती काय, हा प्रश्न भक्तिभावानें क्रूस वाहणाऱ्या त्या गांवास चुकविणें शक्य नव्हतें.

तरीही तो पुष्कळ दिवस चुकविला गेला. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें स्पष्ट सांगितलें कीं, प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवतां येत नाहीं. तथापि १९७० चें नाटक जवळजवळ जुन्याच संहितेवर झालें, आणि यहुदी संस्थांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. १९७७ सालीं एका निराळ्या, अधिक जुन्या संहितेचा चाचणीचा प्रयोग करण्यांत आला. गांवानें ती नाकारिली. “वाडवडिलांनीं केलें तेंच आम्ही करणार,” हें म्हणणें सोपें असतें. पण वाडवडिलांनीं नवस केला होता तो प्रभूचें दुःखसहन दाखविण्याचा. शेजाऱ्याचा द्वेष शिकविण्याचा नव्हे.

अखेर १९९० च्या प्रयोगांचें दिग्दर्शन त्याच गांवच्या ख्रिस्तियान श्ट्युक्ल या, तिशीही न गांठलेल्या, तरुणाकडे आलें. यहुदी विद्वानांचा सल्ला घेऊन संहिता टप्प्याटप्प्यानें शुद्ध करण्यांत आली. २००० सालीं रक्ताच्या शपथेचें वाक्य गाळलें गेलें; २०१० सालीं प्रभु आपल्या लोकांची धर्मशास्त्राची गुंडाळी उंच धरितो आणि भोंवतालचा समुदाय इब्री भाषेंत प्रार्थना गातो, असा प्रसंग आला. विवाहित किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांस भूमिका देत नसत. ती बंदी १९९० सालीं न्यायालयाच्या निकालानें उठली. २००० पासून इतर धर्मांच्या रहिवाशांसही दार उघडलें, आणि २०२२ सालीं यहूदा इस्कार्योताच्या भूमिकेंत एक मुसलमान तरुण उभा राहिला. कित्येक वृद्धांस हें रुचलें नाहीं. कडाक्याचे वाद झाले. तरी नवस मोडला नाहीं. आमच्या मतें तो आतां कोठें पुरा फिटूं लागला.

त्यांतही एक विलक्षण योग असा कीं, जें नाटक सांथीमुळें जन्मास आलें तें २०२० सालीं सांथीमुळेंच थांबलें. कोरोनामुळें प्रयोग दोन वर्षें पुढें ढकलले. वाढविलेले केस लोकांनीं कापून टाकिले. आणि १४ मे २०२२ रोजीं पुनः तोच पडदा उघडला. या खेपेस प्रेक्षकांस व नटांस पूर्वजांच्या भीतीचा अर्थ नव्यानें कळला असेल. पुढील प्रयोग २०३० सालीं व्हावयाचे आहेत.

यांतून आपण काय घ्यावें? ज्युबिलीच्या देखाव्यांत भाग घेणाऱ्या आपल्या तरुण बंधुभगिनींस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, जुना वेष चढविण्यापूर्वीं जुनी गोष्ट नीट विचारून घ्या. ती कोणी सांगितली? तींत कोणाचें नांव राहून गेलें? देवळाचे दगड कोणीं वाहिले, आणि कोणास मागें बसावें लागलें? आपल्या सणाच्या कथेंत कोणा शेजाऱ्यावर उगाच काळोखी तर फासली जात नाहीं ना? पूर्वजांचा मान राखणें म्हणजे त्यांच्या चुकांचीही मिरवणूक काढणें नव्हे.

कास्पार शिस्लर सणाच्या ओढीनें घरीं आला आणि नकळत मरण घेऊन आला. आपणही सणास येतांना बरोबर काय आणितों, हें ज्यानें त्यानें वेशीवरच तपासून पाहावें. सत्य व प्रीति हीं दोन घेऊन जो येईल, त्यास कोणताही पहारा अडविणार नाहीं. प्रभु तशी बुद्धि आम्हां सर्वांस देवो.