रेडिओवर निक्सन, टीव्हीवर केनेडी : एका किश्श्याची उलटतपासणी

'माध्यमं आणि राजकारण' असा विषय घेतलेल्या सारांशिकेत पहिल्या दोन-तीन पानांत एक किस्सा बहुतेक वेळा येतोच. १९६० साली अमेरिकेत केनेडी आणि निक्सन यांची टीव्हीवर वादचर्चा झाली. ज्यांनी ती रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन जिंकला असं वाटलं, ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना केनेडी. म्हणजे चेहऱ्याने मुद्द्यावर मात केली. खाली संदर्भ म्हणून एखादं पाठ्यपुस्तक, त्या पाठ्यपुस्तकात दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचा संदर्भ. या साखळीच्या शेवटी नेमकं काय आहे, ते आज पाहू.

आधी पक्क्या गोष्टी. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोमधल्या सीबीएसच्या स्टुडिओत चारपैकी पहिली वादचर्चा झाली. अमेरिकेत १९५० मध्ये दहातल्या जेमतेम एका घरात टीव्ही होता, १९६० पर्यंत तो दहातल्या जवळपास नऊ घरांत पोचला होता. प्रेक्षक साडेसहा-सात कोटींच्या घरात होते. गुडघ्याच्या संसर्गामुळे निक्सन हॉस्पिटलात राहून आले होते, वजन उतरलं होतं, फिकट करड्या रंगाचा सूट मागच्या पडद्यात मिसळून जात होता आणि नीट मेकअप करून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. केनेडी गडद सुटात, ताजेतवाने. इथपर्यंत वाद नाही.

वाद आहे तो 'रेडिओवाल्यांना निक्सन जिंकला असं वाटलं' या वाक्याचा. काही पत्रकारांनी ओळखीपाळखीच्या लोकांना विचारून तसं लिहिलं होतं, ते बाजूला ठेवू. आकडे देणारा आधार एकच : सिंडलिंगर नावाच्या बाजार-संशोधन कंपनीची पाहणी. १९८७ मध्ये व्हॅन्सिल आणि पेंडेल या दोन संशोधकांनी ती पाहणी उघडून बघितली. एकूण प्रतिसादक २,१३८, त्यांतले रेडिओवर ऐकणारे फक्त २८२. त्यांच्यापैकी ४८.७ टक्क्यांनी निक्सन जिंकला म्हटलं आणि २१ टक्क्यांनी केनेडी. फरक मोठा दिसतो खरा. पण हे २८२ जण होते कोण?

इथे जरा थांबा, कारण खरी गोम इथेच आहे. १९६० साली टीव्ही असताना कुणी मुद्दाम रेडिओ लावत नव्हतं. रेडिओवर ऐकणारा बराचसा वर्ग ज्यांच्याकडे टीव्ही नाही किंवा जिथे प्रक्षेपण नीट पोचत नाही अशांचा असणार, म्हणजे ग्रामीण भाग जास्त, आणि त्यात प्रोटेस्टंट लोक जास्त. केनेडी कॅथलिक होते आणि त्या निवडणुकीत हा मुद्दा चांगलाच तापलेला होता. मग हे लोक वादचर्चेच्या आधीपासूनच निक्सनकडे झुकलेले नसतील कशावरून? त्यांचं आधीचं मत काय होतं, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. ते नसेल तर फरक माध्यमाने पाडला की श्रोतावर्गच वेगळा होता, हे ठरवताच येत नाही. पद्धतीच्या पेपरात 'निवड-पूर्वग्रह' पाठ करून जातो ना आपण, तो हाच.

आणखी एक आकडा आहे, जो किस्सा सांगणारे कधीच देत नाहीत. त्याच पाहणीत टीव्ही पाहणाऱ्यांपैकी ३०.२ टक्क्यांनी केनेडी म्हटलं आणि २८.६ टक्क्यांनी निक्सन. फरक दीड टक्क्याचा! घामेजलेल्या चेहऱ्याने निक्सनचा फडशा पाडला म्हणायचं, तर निदान या पाहणीत तो दिसत नाही.

मग टीव्हीचा परिणाम झालाच नाही असं म्हणायचं का? तेही घाईचं होईल. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी प्रयोग केला. १७१ जणांपैकी काहींना तीच वादचर्चा दाखवली, काहींना फक्त ऐकवली. पाहणाऱ्यांनी केनेडी जिंकला असं म्हणण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि मत बनवताना ते व्यक्तिमत्त्वावर अधिक विसंबले. कोण ऐकणार आणि कोण पाहणार हे इथे संशोधकाने ठरवलं होतं, त्यामुळे वरचा आक्षेप गळून पडतो. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की चित्राने मत हलू शकतं. १९६० साली ते किती हललं, हे यातून कळत नाही. हे लोक त्या काळचे मतदार नव्हते. निकालात साधारण ६ कोटी ८८ लाख मतांपैकी केनेडींची आघाडी सव्वा लाखाच्याही आत होती. इतक्या बारीक फरकात 'यामुळेच जिंकले' असं कशाकशाबद्दल म्हणता येईल : टीव्ही, कॅथलिक मतं, जॉन्सन यांना सोबत घेणं, शिकागोतली पक्षयंत्रणा... यादी लांबते.

माझ्या मते इतिहासाच्या विद्यार्थ्याला जास्त कामाचा प्रश्न वेगळाच आहे. प्रेक्षकांवर काय परिणाम झाला याचा पुरावा पातळ आहे, पण राजकारण्यांचा त्या परिणामावर विश्वास बसला याचा पुरावा भरपूर आहे. १९६८ मध्ये निक्सन पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांनी वादचर्चा टाळली आणि आपल्या सोयीने बेतलेले टीव्ही कार्यक्रम केले. त्यात रॉजर एल्स नावाचा तरुण निर्माता होता, जो पुढे फॉक्स न्यूजचा प्रमुख झाला. त्या प्रचारावर जो मॅकगिनिस यांचं पुस्तक १९६९ मध्ये आलं, ते जरूर मिळवा. अध्यक्षपदाची पुढची टीव्ही वादचर्चा थेट १९७६ मध्ये झाली.

पण इथेही सावध राहा. सोळा वर्षांच्या या खंडामागे फक्त भीती नव्हती, कायदाही होता. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याची प्रसारण कायद्यातली अट १९६० पुरती काँग्रेसने स्थगित केली होती. १९६४ मध्ये तसं झालं नाही. ती अट असताना लहानसहान पक्षांच्या उमेदवारांनाही तितकाच वेळ देण्याची वेळ वाहिन्यांवर आली असती. आघाडीवर असलेल्या उमेदवाराला हे सोयीचंच होतं. भीती किती आणि सोय किती, हे वेगळं करायचं तर प्रचारयंत्रणांचे अंतर्गत कागद वाचावे लागतील.

ज्यांना हात घालून बघायचाय त्यांच्यासाठी : पहिल्या वादचर्चेचं चित्रण आणि शब्दांकन दोन्ही सहज मिळतं. आधी चित्र बंद ठेवून ऐका. सुरुवातीच्या भाषणात निक्सन केनेडींच्या उद्दिष्टांशी सहमती दाखवतात, मतभेद फक्त मार्गांबद्दल आहे म्हणतात, आणि बचावात जातात. हे ऐकायला दिवे, सूट, दाढीची खुंटं, काहीच लागत नाही.